धवला म्हणजे लेखन नव्हे म्हणे!

डोकं अजून तापलंय, म्हणून लगेच लिहितेय.

आज कोपरखैरण्यात स्पर्धा होती: जुन्या काळातली एक व्यक्ती, कुठल्याही लेखनप्रकारात. काकूनं आमच्या गावच्या धवलारणीवर, म्हणजे लग्नात धवले गाणाऱ्या बाईवर, धवलाच लिहिला. साठच्या दशकात मिठागराच्या मुकादमानं मजुरांना मारलं, म्हणून त्याच्या मुलीच्या लग्नात ती गायलीच नाही.

परीक्षक म्हणाले, "पत्र चालेल, डायरी चालेल. गाणं म्हणजे लेखन नव्हे." कागद परत!

आणि जेवणाच्या सुट्टीत तेच साहेब हजर. "काकू, पाहुणे जेवतायत, गाणं म्हणा ना. जरा मजा!"

काकू उठली. "ती मुकादमाचे मांडवान गायली नाय. मी तुमचे पंगतीन गाऊ?"

आम्ही न जेवताच निघालो.

तुम्हीच सांगा, त्यांनी तो धवला नुसता वाचला असता, तर काकूला गायला सांगायची हिंमत झाली असती?