आबांचा रिकामा डबा

मी भौतिकशास्त्रज्ञ आहे. आमच्या गावात, असोद्यात, एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सांगते, "तारा फुटतो तेव्हा त्याच्या पोटात काय घडतं, ते मी मोजते." ऐकणारा आधी आभाळाकडे बघतो, मग माझ्याकडे.

मी स्वतः आभाळाकडे क्वचितच बघते. आम्ही धातूच्या पत्र्यावर एखाद्या मूलद्रव्याचा पातळ थर चढवतो, त्यावर प्रोटॉनचा झोत सोडतो आणि अणुकेंद्रं एकत्र आली की निघणारे गॅमा किरण मोजतो. ही क्रिया किती वेगानं होते, त्यावर ताऱ्याच्या स्फोटातून काय बाहेर पडेल ते ठरतं. पण ती इतकी विरळ, की दिवसभर झोत चालवून बोटांवर मोजण्याइतक्याच नोंदी मिळतात.

त्या हिवाळ्यात माझं पहिलं स्वतंत्र मोजमाप पुरं झालं होतं. परिषदेतलं भाषणही ठरलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी ते सांगायला चार दिवस घरी आले आणि सकाळी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे केळीच्या बागेत गेले.

आबा ठिबक तपासत होते. नळीच्या एकेका छिद्राखाली डबा ठेवायचा आणि अर्ध्या तासात किती पाणी साचतं ते बघायचं, ही त्यांची जुनी पद्धत. माझा प्रयोग ऐकता ऐकता त्यांनी एक डबा नळीपासून दूर, नुसत्या पानाखाली ठेवला. मी हे लहानपणापासून बघत होते, पण विचारलं पहिल्यांदाच, "हा कशाला?"

"केयीच्या पानावरून दव गयते ना, बाई. ते किती पडलं हे मालूम नको? नहीतं तेच पानी आपन ठिबकचं समजू." मग म्हणाले, "तू ठेवला व्हता का रिकामा डबा?"

मी चिडलेच. डॉक्टरेट माझी, आणि परीक्षा हे घेणार! "झोत बंद ठेवून आजूबाजूचे किरण मोजलेत आम्ही, आबा."

"बंद ठेवून? दुपारी डबा ठेवला तं कोरडाच राहीन. जव्हा दव पडते, तव्हाच ठेवा लागते."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. थर नसलेल्या कोऱ्या पत्र्यावर झोत चालू ठेवून मोजायला हवं होतं. झोत वापरायची आमची पाळी संपत आली होती, म्हणून मी ते टाळलं होतं. मोजलेलं सगळं माझ्या थरातूनच आलं, की थोडं पत्र्यातूनही, हे मला ठाऊक नव्हतं. आणि तो आकडा माझ्या नावानं जगापुढे जाणार होता.

त्याच दुपारी मी भाषण मागे घेतल्याचं कळवलं. आमचे वरिष्ठ फोनवर एवढंच म्हणाले, "आधी सुचलं नाही?" मला रडू आलं.

पुढची पाळी मिळायला कित्येक महिने गेले. कोरा पत्रा लावला, झोत सोडला, आणि नोंदी आल्या. अगदी त्याच ऊर्जेच्या! माझ्या मोजमापातला जवळजवळ तिसरा हिस्सा पत्र्यातल्या अशुद्धीचा होता. उरलेला मात्र खरा होता. आकडा लहान झाला, पण आता त्यावर मी कुणाशीही भांडले असते.

पुढल्या परिषदेत पहिला हात वर केला तो भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं. "नुसता पत्रा मोजलात?" मी पुढचा आलेख दाखवला. त्यांनी मान डोलावली. इतका अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता.

परवा घरी फैजपूरचे पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "पोरगी काय करते, आबा?" मला वाटलं, आता डब्याची गोष्ट रंगणार.

आबा म्हणाले, "तारे फुटतात, त्याचं माप काढते. एकदा तिचं माप चुकलं, तं तिनं सोताच सांगितलं."

डब्याचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही.