हलक्या गटाचे खरे विजेते

नामदेवराव वस्तादांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच भांडणात. बडनेऱ्याच्या फलाटावर एक अकोलेकर छाती ठोकून सांगत होता, "हलक्या गटाचा खरा चॅम्पियन आमचा किसनराव!" मी अमरावतीचा, त्यात तापट. त्याची गचांडीच धरली. तेवढ्यात मागून कोणीतरी माझं मनगट पकडलं. "सोड त्याले. तो खरं बोलून राहिला." बोलणारे साक्षात वस्ताद होते! याच किसनरावांना मुष्टियुद्धात हरवून त्यांनी वऱ्हाडची चांदीची ढाल जिंकली होती. मी चाटच पडलो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आखाड्यात हजर झालो.

वस्ताद भातकुलीच्या माळी घराण्यातले. पहाटे भाजीची गाडी बाजारात पोचवायची आणि मग आखाडा, हा त्यांचा नेम आजही चालू आहे. मुष्टियुद्ध शिकवतात, पण डोक्यावर ठोसा मारू देत नाहीत. त्यामुळे आम्ही शिष्य सपाटून हरायचो आणि गावभर हसं व्हायचं. एकदा हरून आल्यावर मी चिडून विचारलंच, "आमचे हात बांधून ठेवता ते कशासाठी?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

ढालीच्या त्या लढतीआधी दोघांचं वजन कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या काट्यावर झालं होतं. कापसाच्या प्रत्येक गाडीमागे ओल-कचऱ्याचा कडता वजा करून आकडा पुकारायचा, ही मापाऱ्याची जन्माची सवय. किसनराव सडपातळ, त्यांना कडत्यानं फरक पडला नाही. वस्ताद मात्र गटाच्या वजनाच्या वर होते, ते पुकारण्यात गटात बसले. त्यांना वाटलं, उपास फळाला आले! जिंकल्यावर हारतुरे चालू असताना मापारी हसत म्हणाला, "वस्ताद, म्या त मानसाचाबी कडता कापतो!" सगळे खो खो हसले. वस्तादांनी मात्र गळ्यातला हार काढून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ढाल पंचांपुढे ठेवली. पंच उसळले, "अमरावतीची इज्जत घालवता काय?" ढाल परत त्यांच्याच घरी आली. तिकडे किसनरावांच्या डोक्याला त्या दिवशी फार मार बसला होता. पुढे त्यांची जीभ जड झाली, मग आठवण जाऊ लागली.

तेव्हापासून बाजार बंद असला की वस्ताद भाजीची टोपली घेऊन अकोल्याला जातात. एकदा मीही सोबत गेलो. किसनराव ओसरीवर बसले होते. म्हणाले, "नामदेवा, ते लढत कोन जितलं गा?"

"तुमीच जितले, किसनभाऊ."

किसनराव लहान पोरासारखे हसले. घटकाभरानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि वस्तादांनी तितक्याच मायेनं पुन्हा तेच सांगितलं. मला ते बघवेना. परतीच्या गाडीत मी म्हणालो, "त्यांच्या लक्षात काही राहत नाही, मग कशाला एवढी पायपीट?"

वस्ताद खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले राह्यते ना."

त्यानंतर फलाटावर असा वाद निघाला की मी गप्प बसतो. आमच्या गावचे लोक मला फितूर म्हणतात. म्हणोत बापडे!

यंदा वस्तादांनी साठी गाठली. तब्येत आताशा साथ देत नाही, खोकला हटत नाही. मध्यंतरी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा अकोल्याला मी गेलो. किसनरावांनी विचारलं, मीही तेच उत्तर दिलं. त्यांनी नुसती मान हलवली, हसले नाहीत. त्यांना ते नामदेवाच्याच तोंडून ऐकायचं असतं. म्हणून वस्तादांसाठी शंभरीचा आशीर्वाद इतरांनी मागावा. माझं देवाकडे एवढंच मागणं आहे: आमच्या वस्तादांना धडधाकट ठेव, आणि किसनरावांपेक्षा एक दिवस तरी जास्त दे.