खारी पाती

“एकाच घागरीचं पाणी बाप्पा, अर्धं देवावर गेलं, अर्धं पायावर.”

पंजाबा हे बोलला नाही असा दिवस धानोरीत उगवत नसे. बैल पाण्यावर नेताना म्हणे, शेताच्या धुऱ्यावर बसून चिलीम ओढताना म्हणे, कोणी काही विचारलं तर म्हणे आणि कोणी काहीच विचारलं नाही तरी म्हणे. पोरं त्याच्या मागे त्याच्याच आवाजात तेच म्हणत जात. त्याने कधी त्यांच्यावर ढेकूळ उगारलं नाही. त्याला वाटे, पोरांच्या तोंडी का होईना, गोष्ट जिवंत राहते आहे.

गोष्ट जुनी होती. नांदुऱ्याहून उत्तरेला पूर्णा नदीकडे निघालं की अर्ध्या दिवसाच्या बैलगाडीवर धानोरी लागते. वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालू लागला, त्याच्याही आधी आबाजी पाटील नावाचा पुरुष या गावाचा धनी होता. त्याला दोन घरं. एका घरात लग्नाची बायको. दुसऱ्या घरात पूर्णेपलीकडून कापूस वेचायला आलेली आणि मग परत न गेलेली एक बाई. तिच्याशी ना लग्न लागलं, ना पाट. लेकरं मात्र दोन्ही घरी झाली, आणि म्हणतात की दोन्हीकडची पोरं आबाजीच्याच नाकाची होती.

मरताना आबाजीने जमीन वाटली. त्याला अन्यायी म्हणता येणार नाही. लग्नाच्या पोरांना जेवढी दिली तेवढीच त्या बाईच्या पोरांनाही दिली. काळी जमीन, दोन्हीकडे सारखीच काळी. पण लग्नाच्या पोरांची जमीन गावाकडे, आणि बाईच्या पोरांची नदीकडे. नदीकडच्या मातीच्या पोटात मीठ आहे. तिथे विहीर खोदली की पाणी लागतं, मुबलक लागतं आणि खारं लागतं. त्या पाण्यावर वांगं होत नाही, मिरची होत नाही, वासरू बाळसं धरत नाही, आणि चुलीवर दिवसभर ठेवली तरी तुरीची डाळ शिजत नाही. दाणा दाण्यासारखाच राहतो.

तेव्हापासून गावात एकाच माणसाच्या वंशाच्या दोन पाती झाल्या. एक गोडी पाती, एक खारी पाती.

तीन पिढ्या गेल्या. गोड्या पातीत पाटीलकी राहिली. त्यांच्या विहिरीवर मळा झाला, मळ्यावर कवेलूची घरं झाली, घरांतून एकजण खामगावात वकील झाला, एकजण मलकापूरच्या कचेरीत बसला, आणि लेकी चांगल्या घरी पडल्या. खाऱ्या पातीत रखवालदार झाले, गाडीवान झाले, हंगामात मलकापूरच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायला जाणारे झाले. त्यांच्या पोरी बिजवराला दिल्या जात. बायका पहाटे पाटलाच्या विहिरीवर घागर घेऊन उभ्या राहत आणि पाटलाच्या घरचं भरून झालं की आपलं भरत. गोड्या पातीला लोक ‘राव’ लावून बोलत. खाऱ्या पातीतल्या पंजाबाच्या नावापुढे उभ्या जन्मात कोणी राव लावला नाही.

आणि लोक काय म्हणत? लोक म्हणत, रक्तच तसं.

हे पंजाबाला सोसत नसे. एकदा गोड्या पातीच्या किसनराव पाटलांचा मुलगा वामनराव अमरावतीहून शिकून आला आणि पारावर बसून, जसं काही आभाळाचा रंग सांगावा तसं, म्हणाला, “खाऱ्या पातीतल्या लोकांना कोणी अडवलं नाही. जमीन सारखीच मिळाली होती. तीन पिढ्यांत एक तरी वर यायला पाहिजे होता की नाही? वाण असतं शेवटी. सरकीत असतं, बैलात असतं, माणसात काऊन नसंन?”

पार हसला. पंजाबा खाली जमिनीवर बसला होता. त्याने चिलीम बाजूला ठेवली.

“वामनराव,” तो म्हणाला, “तुमची उत्तम सरकी घ्या अन् माह्या वावरात टाका. माह्याच विहिरीचं पाणी द्या. मंग तिचं वाण मले सांगा.”

“तू लय बोलतं बे, पंजाबा,” कोणीतरी म्हणालं.

“बोलाले पाणी लागत नाई,” पंजाबा म्हणाला, आणि पार पुन्हा हसला. त्याला तेव्हा वाटलं की आपण जिंकलो. घरी जाताना त्याच्या ध्यानात आलं की हसणारे त्याच्या बाजूने हसले नव्हते.

त्याला एकच मुलगी, कोकिळा. उंच, कामाला वाघीण, बोलायला कमी. पंजाबाने मनाशी ठरवलं होतं की हिला बिजवराला द्यायची नाही. एक पोरगी जरी सरळ घरी पडली तरी पुढे लोकांना म्हणता येणार नाही की रक्तच तसं. पोरीचं लग्न हे त्याच्या वादाचं उत्तर होऊन बसलं होतं, हे त्या पोरीला माहीत नव्हतं.

नांदुऱ्याच्या महादेवरावांनी स्थळ आणलं. महादेवराव सोयरिकी जुळवणारे, सगळ्या तालुक्यातल्या उंबऱ्यांवर चढलेले. मलकापूरच्या पलीकडचे शेषराव, घरचे खाऊन-पिऊन सुखी, मुलगा प्रथमवर. शेषरावांनी एकच निरोप धाडला: “लोक काही-बाही सांगून राह्यले. मी ऐकत नाई. मी जेवायला येतो. पाटील तुमचे भाऊबंद म्हणता, तर पंगतीत ते बसू द्या. भावकीच्या थोरल्यानं घास घेतला की मले दुसऱ्या कोणाचं ऐकाचं नाई.”

हा रिवाज सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक. पाहुण्यांच्या पंगतीत मुलीच्या भावकीतला माणूस पहिला घास घेतो. त्याचा घास म्हणजे कुळाची साक्ष.

पंजाबा किसनरावांच्या गोठ्यात गेला. दोघांच्या वयात फार अंतर नव्हतं, पंजाबा थोडा मोठा. लहानपणी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून नदीत उतरलेले. माणसांसमोर तो त्यांना पाटील म्हणे, गोठ्यात किसन म्हणे.

“बसन बे मी,” किसनराव म्हणाले. “न बसाले काय झालं? तुह्या घरची भाकर म्या खाल्ली नाई का?”

“खाल्ली. लहानपणी.”

“मंग?”

“तवा कोणी पाहत नव्हतं, किसन.”

किसनराव बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. वामनरावाची सोयरिक त्याच दिवसांत मेहकराकडच्या एका देशमुखांकडे चालली होती. घराणं पाटलांपेक्षा पायरीभर वरचं. तीही महादेवरावांच्याच मार्फत. पण किसनराव मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, “येतो म्हनलं तं येतो. जाय आता.”

पाहुणे यायच्या दिवशी रुखमा, पंजाबाची बायको, अंधारातच पाटलाच्या विहिरीवर गेली. सगळ्यांच्या आधी तिने पाणी भरलं, आणि पाटलांच्या घरातूनही तिला कोणी काही म्हणालं नाही. त्या पाण्यावर वरण लावलं. डाळ लोण्यासारखी मऊ झाली. पुरण झालं, कढी झाली. पंजाबाने अंगण दोनदा सारवून घेतलं. त्याने पाहुण्यांना आपल्या विहिरीच्या पाण्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. विहीर आहे एवढंच सांगितलं होतं, आणि ती होती.

पंगत बसली. शेषराव, त्यांचा मुलगा, महादेवराव. मानाचा पाट रिकामा. तेवढ्यात किसनराव आले. डोक्याला पागोटं, अंगात धुवट बाराबंदी, आणि हातात पितळी तांब्या.

गोड्या पातीतला माणूस नदीकडे निघाला की हातात तांब्या असतोच. कोणी सांगावं लागत नाही. तिकडचं पाणी प्यायचं नसतं, म्हणून घरचं घेऊन जायचं. बापाने नेलं, आजाने नेलं. किसनरावांच्या मनातही काही नव्हतं. काठी घ्यावी तसा तांब्या घेतला होता. ते पाटावर बसले आणि त्यांनी तो आपल्या ताटाच्या उजव्या अंगाला ठेवला. रुखमाने भरून ठेवलेला पेला त्याच्या शेजारीच होता.

शेषरावांचा हात ताटावर थांबला.

“पाटील,” ते हळूच, हसल्यासारखं करून म्हणाले, “पाणी घरून आणलं?”

किसनरावांनी तांब्याकडे पाहिलं. आपण काय करून बसलो हे तेव्हा त्यांना दिसलं.

“सवय हाय,” ते म्हणाले.

“सवय मोडता येते. भावाच्या घरचं घ्या नं.”

पंजाबा वाढायला उभा होता. त्याला सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे आपल्या घरात प्यायजोगं पाणी नाही हे सांगायचं.  मग दाराआडून रुखमाच बोलली. जन्मभर तिने किसनरावांना पाटीलच म्हटलं होतं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुमच्याच विहिरीचं हाय ते. म्या पहाटी आणलं.”

तांब्यात तेच पाणी होतं आणि पेल्यातही तेच. किसनरावांचा हात पेल्याकडे गेला. बोटं पेल्याला लागली. तेवढ्यात त्यांची नजर समोर गेली. महादेवराव ताटाला हात न लावता त्या हाताकडे पाहत होते. उद्या ते मेहकराकडे जाणार होते. देशमुखांच्या ओट्यावर बसणार होते. तिथे त्यांना कोणी विचारणार होतं, पाटलांची पंगत कोणाकोणाशी?

किसनरावांनी हात मागे घेतला. तांब्या उचलला आणि वरून धार धरून दोन घोट प्याले.

शेषरावांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि उठले. रागावले नाहीत. दारात पंजाबाला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरगी सोन्यासारखी हाय. पण माह्या घरी लेकी हायेत दादा. त्याइलेबी कुठं द्याच्या हायेत.” त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. 

किसनराव सगळ्यांच्या शेवटी उठले. तांब्या उचलला आणि गेले. अंगणात ताटं तशीच होती. कोकिळाने ती एकेक करून उचलली. बापाजवळून जाताना ती थांबली.

“बा,” ती म्हणाली, “वरण लय मऊ झालं होतं.”

पुढच्या उन्हाळ्यात तिला नदीकाठच्याच एका गावात बिजवराला दिली. त्याची मोठी पोरगी कोकिळाएवढीच. लोक म्हणाले, खाऱ्या पातीतली होती, दुसरं काय होणार. जे खोटं ठरवायला पंजाबा धडपडला त्याचाच तो आणखी एक दाखला झाला. माणसाला ज्या वाटेने खाली ढकलतात, त्याच वाटेवरचे त्याचे घसरलेले पाय दाखवून म्हणतात, बघा, याला चढताच येत नाही.

त्यानंतर पंजाबा पारावर वाद घालेनासा झाला. घागरीचं वाक्य तेवढं म्हणे, पण आता ते कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणे. मलकापूरच्या जिनात कायमचं काम धरायचं त्याने ठरवलं. रुखमा वेचणी उरकून मागून येणार होती. वावर पुढच्या सालासाठी दुसऱ्याला लावून दिलं. ज्या सकाळी निघायचं, त्याच सकाळी वामनरावाच्या हळदीचा मांडव होता, आणि किसनरावांचा निरोप आला: पाहुणे फार आहेत, गाडीवर पिंपं टाकून विहिरीचं पाणी मांडवात आणून दे.

रुखमा म्हणाली, “नका जाऊ.”

“कायले नाई जाऊ?” पंजाबा म्हणाला. “पाण्याचा काय गुन्हा?”

त्याने पाटलांची गाडी जुंपली. पिंपं भरली, मांडवात आणली, रांजण काठोकाठ भरले. देशमुखांकडचा एक म्हातारा पाहुणा बाजेवर बसला होता. पंजाबा ओणवा होऊन पिंप रिकामं करत असताना त्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग किसनरावांकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

“पाटील, तुमच्या नाकाचा दिसतो हा. कोण आहे?”

हळदीची वाटी हातात धरून वामनराव तिथेच बसला होता. 

“गाडीवान आहे गावातला,” किसनराव म्हणाले.

पंजाबाने पिंप उतरवलं. बैल सोडले, सावलीला बांधले, त्यांच्यापुढे कडबा टाकला. मग तो वामनरावासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ऐकणाऱ्यांना बरं वाटलं असतं.

“वामनराव, तुम्ही पारावर म्हनले होते ते खरं हाय,” तो म्हणाला. “रक्तच असंन. म्या उगाच भांडलो.”

वामनरावाने बापाकडे पाहिलं. खरं काय ते त्या मांडवात बापाएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं. 

पंजाबाने मांडवाच्या मेढीला टांगलेलं आपलं गाठोडं काढलं, खांद्यावर टाकलं आणि नांदुऱ्याच्या वाटेला लागला. त्याला आगगाडी धरायची होती. ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. तो मागे वळला नाही, थांबला नाही, भरभरही चालला नाही. रोजच्या कामाला निघाल्यासारखा गेला.

पाठीमागून दोघं पाहत होती. नदीकडच्या वावरात रुखमा ओटी बांधून वेचणीला उभी होती. तिने कपाळावर हात धरला आणि तो दिसेनासा होईतो काढला नाही. आणि मांडवाच्या तोंडाशी किसनराव उभे होते. आतून कोणी दोनदा हाक मारली, पाटील, पाट मांडले, चला. त्यांनी ऐकलं असावं. हाक मारायला त्यांचंही तोंड उघडलं होतं. आवाज पोहोचेल एवढ्या अंतरावर पंजाबा बराच वेळ होता.