त्या नावाचं इथं कोणी राहत नाही

नऊ ऑगस्ट, राखीपौर्णिमा, शनिवार. रक्कम दहा डॉलर चार सेंट; त्या दिवशीच्या भावाने आठशे अठ्ठ्याहत्तर रुपये. हजर: मी, माझी बायको आणि राखी बांधून घ्यायला अकोल्याहून अमरावतीला आलेला तिचा धाकटा भाऊ. पैसे हातात आले नव्हते, नुसते बायकोच्या फोनवर दिसत होते. तरी मेहुण्याने ओवाळणीचं पाकीट परत खिशात घातलं.

"आता तूच दे मले," तो बहिणीला म्हणाला.

पैसे होते तिच्या वेबसाइटवरच्या जाहिरातींचे. बायको ब्लाउज शिवते आणि दोन वर्षांपासून कटिंगबद्दल मराठीत लिहिते. लिहिते ती, आकडे तपासतो मी. छत्तिसाचा चौथा भाग नऊ, त्यात शिलाईचे अधिक किती, हे सगळ्या पानांवर सारखं यायला हवं. मी दोन चुका काढल्या होत्या. त्यातली एक तिला मान्य आहे.

जाहिराती लावायच्या तर जाहिरातवाल्या कंपनीची मंजुरी लागते. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण पानांवर फोटो जास्त आणि मजकूर कमी. "चाळीस पानं टाकली, अन् म्हणे कमी!" असं म्हणत तिने प्रत्येक पान वाढवलं. दुसराही नामंजूर झाला. लिहिणारी कोण, तिच्याशी संपर्क कसा करायचा, वाचकांच्या माहितीचं आम्ही काय करतो, हे साइटवर कुठेच नव्हतं. संपर्काचं आणि वाचकांच्या माहितीचं पान मी लिहिलं. असली कामं मला आवडतात. 'लेखिकेविषयी' हे पान तिने लिहिलं आणि तिसरा अर्जही तिनेच भरला. आठ दिवसांत मंजुरी आली. बाकी सगळी पानं मी दोनदा वाचली होती, ते एक वाचलं नाही. त्यात आकडे नव्हते.

पण मंजुरी अजून अर्धीच होती. कमाई दहा डॉलरला पोचली की कंपनी पोस्टाने एक पत्र पाठवते. त्यात सहा आकडी नंबर असतो. तो चार महिन्यांत साइटच्या खात्यात भरला नाही, तर जाहिराती बंद. म्हणून राखीच्या दिवसापासून बायको रोज पोस्टमनची वाट पाहू लागली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी ती दोरे आणायला बाजारात गेली होती आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीत उतरून टाकी घासत होतो. खालून पोस्टमनने एका बाईचं नाव घेऊन हाक मारली. मुलगा नवीन होता. मी टाकीतून डोकं बाहेर काढलं.

"त्या नावाचं इथं कोणी राहत नाही!"

"पाहा काका, आडनाव तं तुमचंच हाये."

"या गल्लीत आमच्या आडनावाची तीन घरं आहेत. आमच्या घरात माणसं चार. मी, बायको, आई, पोरगी. चारही नावं मला माहीत आहेत."

तो गेला. दुसऱ्याचं टपाल आपण ठेवून घेतलं नाही, याचं मला बरंही वाटलं.

रात्री जेवताना मी ही गंमत सांगितली. बायको पोळी वाढत होती. तिने हातातली पोळी परत डब्यात ठेवली.

"काय नाव म्हनलं त्यानं?"

मी सांगितलं.

"अहो, ते माझं नाव हाये."

पोरगी आधी माझ्याकडे बघत राहिली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र हसू येईना. चोवीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नाच्या पत्रिकेत तेच नाव छापलेलं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात मी अंगठीने नवीन नाव लिहिलं, आणि त्यानंतर जुनं नाव या घरात कोणी उच्चारलं नाही.

"अर्जात ते नाव कशाला टाकलंस?" मी विचारलं.

"शिवनं मी अकोल्याले जुन्या शहरात शिकली, तिथं शिवन शिकवनाऱ्या एक आपा होत्या, त्यायच्याकडं. आपा त्याच नावानं हाक मारे, अन् कैची चुकली की त्याच नावानं ओरडे. या नावाच्या बाईले तवा बटनाचं काज बी करता येत नव्हतं. लिहीन तं त्याच नावानं लिहीन."

तेवढ्यात आई म्हणाली, "मलेई होतं एक." आणि तिने ते सांगितलं. पन्नाशी आली तरी मी ते कधी ऐकलेलं नव्हतं. म्हणजे घरात माणसं चार आणि नावं सहा. माझी मोजणी इतकी चुकल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो, तर पत्र परत रवाना झालेलं. मेहुण्याचा अकोल्याहून फोन आला. "भाऊजी, लोकं पार्सल वापस करते, तुमी तं बायकोच वापस केली!" संध्याकाळपर्यंत हे वलगावच्या नातेवाइकांनाही कळलं होतं.

दुसरं पत्र तीन आठवड्यांनंतरच मागता येत होतं. तेवढ्या दिवसांत मी तिच्या त्या नावाची पाटी करून फाटकावर लावली. पोस्टमनने पाटी वाचून विचारलं, "काका, पाचवं मानूस आलं का घरात?" ऑक्टोबरच्या शेवटी पत्र आलं आणि मुदतीच्या आत नंबर भरला गेला.

कंपनी शंभर डॉलर साठल्यावरच पैसे बँकेत पाठवते, पण त्याआधी बँकच आडवी आली. तिचं खातं सासरच्या नावाचं, साइटचं माहेरच्या. नावं जुळल्याशिवाय पैसे जमा होणार नव्हते.

मी म्हटलं, "साइटवरचं नाव बदलून टाक. दोन मिनिटांचं काम आहे."

"लग्नातई दोनच मिनिटं लागले होते," ती म्हणाली. "पैसे नाई आले तरी चालते मले. पन आता त्या नावाले हात लावू नका."

मग बँकेतलंच नाव बदलायचं ठरलं. अर्ज भरणं मला येत होतं. मेहुण्याने अकोल्यातल्या शाळेत तीन खेपा घालून तिचा दाखला काढला. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, मग आधार, शेवटी बँक. सगळे कागद मी एकही खाडाखोड न करता भरले. आडनाव आमचंच ठेवायचं तिनेच ठरवलं. "त्याच्यावर माझा राग नाई," म्हणाली.

बँकेतल्या बाईंनी अर्ज दोनदा उलटसुलट केला. "इतक्या वर्षांनी? काही भांडण-बिंडण?"

"नाई," बायको म्हणाली. "हे स्वतः घेऊन आले मले."

या सगळ्यात फेब्रुवारी संपला. पासबुक छापून मशीनमधून बाहेर आलं, तेव्हा मी आधी रक्कम वाचली, तिने आधी नाव वाचलं. एकशे दोन डॉलर छत्तीस सेंट. बँकेने आपलं कापून घेऊन जमा केले नऊ हजार एकशे सव्वीस रुपये. मिळाले माझ्या बायकोला, तिच्या नावाने.