बंद इंजिनाचा उतार

अरबांनी तेल महाग केलं आणि आमची जीप बंद झाली. आमची म्हणजे आमच्या मालकीची नव्हे. कोरेगावहून पुसेगावकडे रोज नोकरीला जाणारे आम्ही सहा-सात जण एका माणसाच्या जुन्या जीपमध्ये दाटीवाटीने बसायचो. पेट्रोल वाढलं तसं जीपवाल्याने आधी भाडं वाढवलं, मग फेऱ्या कमी केल्या आणि एका सोमवारी तो आलाच नाही. आम्ही डबे हातात धरून नाक्यावर उभे.

मी पुसेगावात शाळेत शिकवत होते. यजमान त्याच्याही पुढे, वडूजच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर ओव्हरसियर होते. एस.टी.चं गणित जमत नव्हतं. पहिली गाडी अंधारातच निघायची आणि दुसरी पोचायची तेव्हा शाळेची प्रार्थना होऊन गेलेली असायची. यजमानांनी आठवडाभर विचार केला आणि सुट्टीवर आलेल्या एका जवानाकडून जुनी मोटरसायकल घेतली. गावात तिला सगळे फटफटी म्हणत.

सासूबाईंनी फटफटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग मला बाजूला घेतलं.

"दोघंबी हिच्यावरच जाणार व्हय?"

"हो, आत्याबाई. यांना पुढं जायचंच आहे, मला वाटेत सोडतील."

"आन् पोरं?"

"पोरं तुमच्यापाशी राहतील की. रोज राहतातच."

"ते न्हाई इचारलं मी," त्या म्हणाल्या आणि नारळाची भकलं गोळा करायला लागल्या.

त्यांनी काय विचारलं ते मला कळलं होतं. मुलगी तिसरीत होती, मुलगा अजून शाळेत जात नव्हता. जीपमध्येसुद्धा आम्ही दोघं एकत्रच जायचो, पण जीपला चार चाकं आणि वर ताडपत्री, त्यामुळे कधी मनात आलं नव्हतं. आता दोन चाकांवर पोरांचे आई आणि बाप एकामागे एक बसणार, आणि गाडी पडली तर दोघंही एकदमच पडणार. सासूबाईंचं वय सत्तरीकडे झुकलेलं. त्या दिवसापासून हा हिशोब माझ्या डोक्यातून गेला नाही.

काळजी करत बसायचा माझा स्वभाव नाही, म्हणून करण्यासारखं होतं ते केलं. पदर खांद्यावर दोन पिनांनी पक्का करायचा, निऱ्या गुडघ्याखाली दाबून धरायच्या, डबा आणि वह्या पिशवीत घालून पिशवी मांडीवर. एकीकडे पाय सोडून बसायची पद्धत होती, तशीच बसत होते, पण एक हात कायम सीटखालच्या लोखंडी कडीला. यजमानांच्या डोक्याला टॉवेल, माझ्या डोक्याला स्कार्फ. हेल्मेट म्हणून एवढंच. मुलीला सांगून ठेवलं की आम्हाला यायला फार उशीर झाला तर आजीला घेऊन शेजारी जायचं, रडायचं नाही.

मी मूळची सांगलीची. विश्रामबागेत वाढले. आमच्याकडे रस्ता म्हणजे सपाट, पायडल मारलं तर सायकल पुढे जाते, नाही मारलं तर थांबते. उतार ही काय चीज आहे ते मला लग्नानंतर कळलं, आणि खरं तर फटफटी आल्यावर कळलं.

कोरेगावहून पुसेगावला जाताना वर्धनगडचा घाट चढावा लागतो. सकाळी फटफटी कण्हत-कुंथत वर जायची. संध्याकाळी परत येताना घाटाच्या माथ्यावर आलं की यजमान किल्ली फिरवून इंजिन बंद करत. मग वाकून पेट्रोलचा कॉक बंद करत. एकदम सगळा आवाज थांबायचा. उरायची ती वाऱ्याची सळसळ, साखळीची कुरकुर आणि माझ्या पिशवीतल्या डब्याची खडखड. गाडी आपल्या वजनावर खाली सुटायची. उजव्या बाजूला डोंगर, डाव्या बाजूला दरी, समोर मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत.

"अहो, बंद का केली?" पहिल्या दिवशी मी ओरडले.

"उतार फुकट हाय. फुकटचं कुणी इकत घेतं का?"

त्या काळात त्या रस्त्यावर फटफटी असलेला प्रत्येक जण हेच करायचा. याला 'बंद गाडी सोडणं' म्हणत. घाटाच्या पायथ्याला एक चहाचं हॉटेल होतं, तिथे हे लोक थांबायचे. यजमान, पुसेगावच्या दवाखान्यातले कंपाउंडर आणि एक तलाठी. बंद गाडी कोणाची कुठवर आली यावर त्यांच्या पैजा लागायच्या. हॉटेलच्या पुढे एक मोरी होती, मोरीच्या पुढे लिंबाचं झाड, त्याच्या पुढे मैलाचा दगड. ज्याची गाडी सगळ्यात लांब जाऊन थांबेल त्याचा चहा बाकीच्यांनी द्यायचा. गाडी लांब जायची तर वळणावर ब्रेक कमी मारायला हवा, हे ओघानं आलंच. चांगली शिकलेली, बायकापोरं असलेली माणसं, पण मोरीच्या पुढे गेल्याचा आनंद शाळेतल्या पोरांसारखा.

यजमान नेहमी जिंकायचे. कारण मी होते. मागे वजन असलं की गाडी लांब जाते.

"वैनी, दोन भाकरी जास्त खात जावा," कंपाउंडर म्हणायचे. "तुमच्या जिवावर सायेब रोज फुकट चहा पितायत."

"मग निम्मा चहा माझा," मी म्हणायचे. "आणि निम्मा पगारही माझ्याच हातात द्यायला सांगा त्यांना."

"बघा गड्या, वजन बी देती आन् हिशोब बी मागती!" तलाठी हसायचे.

मीही हसायचे. पण घाटात मी प्रत्येक वळणाला पोरांकडे कोण बघेल याचा विचार करायचे. मग खाली आलो की तो विचार तिथेच टाकायचा आणि घरी जाऊन भाजी फोडणीला घालायची. दुसऱ्या दिवशी तोच विचार माथ्यावर पुन्हा चढून बसलेला.

दिवाळीत माझा भाऊ आला. तो माधवनगरच्या एका गिरणीत कामाला होता. भाऊबीजेचं ओवाळून झाल्यावर मी त्याला म्हटलं, "दादा, आमचं दोघांचं काही झालं तर पोरांना तू सांगलीला न्यायचं. आत्याबाईंनाही न्यायचं, त्या नको म्हणाल्या तरी."

"सणासुदीचं हे काय बोलणं?"

"सणालाच तू भेटतोस. पत्रात लिहिण्यासारखं आहे का हे?"

तो यजमानांशी बोलला. "दाजी, तेवढं इंजिन चालू ठेवत जा की घाटात."

"अवो पाव्हणं, तुमच्या सांगलीत उतार असता तर तुमीबी बंदच सोडली असती," यजमान म्हणाले आणि त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. विषय संपला.

थंडी पडली तसे दिवस लहान झाले. एका संध्याकाळी शाळेत पालकांची सभा लांबली. यजमान फाटकाशी उभेच होते. माथ्यावर आलो तेव्हा सूर्य बुडाला होता, रस्ता राखाडी दिसत होता. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"अहो, आज सुरू ठेवा. दिसत नाहीये."

"मला दिसतंय. हात आवळून बस."

किल्ली फिरली. आमच्या फटफटीचा दिवा इंजिनावर चालायचा. इंजिन बंद की दिवा बंद. हॉर्नही तसाच, इंजिन चालू असेल तर पाँ करायचा, नसेल तर नुसती टिकटिक. हे आम्हा दोघांना माहीत होतं, पण ऊन असताना त्याचं काही वाटत नव्हतं.

शेवटचं मोठं वळण संपलं आणि समोर रस्ताच हलताना दिसला. मेंढरं होती. माणदेशातले धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन खाली उतरतात. घाटाखालच्या एका शेतकऱ्याने त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावलं असावं, खतासाठी बोलावतात तसं. सगळा कळप रस्ता ओलांडत होता. मागे काठी घेतलेली एक बाई, तिच्या पाठीवर बांधलेलं मूल, आणि सामान लादलेलं एक तट्टू. त्यांची आमच्याकडे पाठ होती. मोटरीचा आवाज आला की मेंढरं आपोआप कडेला होतात, धनगर ओरडतात, कुत्री भुंकतात. आमचा आवाजच नव्हता.

यजमानांनी हॉर्न दाबला. टिक, टिक. कॉक उघडायला हात खाली घातला, पण तेवढा वेळ कुठला! दोन्ही ब्रेक दाबले. घाटभर दाबून तापलेले ब्रेक, गाडी नुसती पुढे सरकत होती. पाठीवरच्या मुलाचं लाल टोपरं मला स्पष्ट दिसलं.

मी ओरडले. साठ मुलींचा वर्ग गप्प करायला वापरते तो आवाज.

"बाजूला! ए बाई, बाजूला हो! बाजूला!"

ती बाई फिरली, तिने आम्हाला बघितलं आणि एका उडीत चर गाठला. यजमानांनी गाडी दुसऱ्या बाजूला घातली. दोन मेंढरांमधून आम्ही गेलो, तिसरं चाकाला लागलं, आणि मग मी रस्त्यावर होते. कोपर आणि गुडघा सोलून निघाला होता. वह्या सगळीकडे पसरल्या होत्या. फटफटी चरात आडवी आणि यजमान तिच्याशेजारी बसलेले, उजवा हात छातीशी धरून. चेहरा पांढराफटक.

ती बाई आधी मूल चाचपत होती. मूल रडायला लागलं तेव्हा तिला सुधरलं. मग तिने यजमानांकडे मोर्चा वळवला.

"मुक्यानं का येताय वं? फटफटीला तोंड न्हाई व्हय तुमच्या? कुठं चोरी करून चाललाय काय?"

यजमान डाव्या हाताने चाकाचा आधार घेत उठायला लागले.

"बाईला मागं बसवून ह्यो धंदा! तिनं बोंब मारली म्हनून. न्हाईतर माझं लेकरू..." तिने मूल पाठीवरून पुढे घेतलं. तिच्या माणसाने येऊन मेंढराचा पाय बघितला, मोडला होता. भरपाईचं बोलणं झालं, ठरली तेवढी आम्ही दिली. एका बैलगाडीने आम्हाला हॉटेलापर्यंत आणलं. कंपाउंडर तिथेच होते. त्यांनी यजमानांच्या हाताला दोन फळ्या बांधल्या. त्या दिवशी कोणाची गाडी कुठवर गेली हे कोणी विचारलं नाही.

घरी पोचलो तर मुलगी आजीचा हात धरून शेजारच्या ओट्यावर बसली होती. सांगितल्याप्रमाणे रडत नव्हती. ते बघून मला जास्त धसका बसला.

हात जुळून यायला महिना-दीड महिना गेला. त्या दिवसांत आम्ही दोघं एस.टी.ने गेलो. मी अंधारात निघायचे आणि शाळेच्या बंद फाटकाशी शालीत गुंडाळून बसायचे. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात यजमानांनी ब्रेक नवे करून घेतले, मडगार्ड सरळ केलं.

"उद्यापासनं चल. ब्रेक एकदम टाइट हायेत."

"मी एस.टी.नेच जाणार आहे."

"हात मोडला म्हणून? अगं, इंजिन बंद करणार न्हाई तू मागं असताना. शब्द देतो."

"मी मागं नसताना?"

त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. मी कणीक मळत होते, मळत राहिले.

"माझ्यावर भरवसा न्हाई म्हण की."

"भरवसा आहे. पण पोरांना दोघांपैकी एक राहायला हवं. तुम्ही फटफटीवर जा, मी एस.टी.त बसते. ठरलं."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी उठायच्या आधी त्यांनी माझा डबा भरायला सुरुवात केली.

पोरांचा प्रश्न सुटला. माझा सुटला नाही. आधी मी निदान मागे बसून सगळं बघत तरी होते. आता यजमान एकटे, हलके, आणि इंजिन चालू की बंद ते मला कळायचा मार्ग नाही. विचारलं तर "चालू असतं की" म्हणायचे. फार पटकन म्हणायचे.

उन्हाळा लागायच्या सुमारास एका संध्याकाळी माझी एस.टी. घाट उतरत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला आणि मान हलवली. मी खिडकीजवळून पुढे वाकून बघितलं. पुढच्या वळणावर एक फटफटी चालली होती. माणूस टाकीवर आडवा झालेला, वारा लागू नये म्हणून, कोपरं आत घेतलेली. शर्ट मीच इस्त्री केलेला होता. धूर नव्हता.

"बघा," ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला, "बंद सोडलीया. घरी बायकापोरं न्हाईत वाटतं बाबाला."

मी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. प्रत्येक वळणावर माझे पाय एस.टी.च्या फळ्यांवर ब्रेक दाबत होते. फटफटी वळणाआड जायची, मी श्वास धरायचे, ती पुढे दिसायची, मी सोडायचे. असं खालपर्यंत.

हॉटेलापाशी एस.टी. थांबली. यजमान फटफटी लिंबाच्या झाडाशी लावून चालत मागे येत होते, चेहरा हसरा. खिडकीत मी दिसले तेव्हा हसू तिथेच थांबलं. खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"येतेस का? इथून सपाटच हाय."

"नको. तिकीट घरापर्यंत काढलंय."

"इंजिन चालू ठेवतो."

"ठेवा," मी म्हटलं. "मी मागून बघतेय."

कंडक्टरने घंटी दिली. यजमान पळत झाडाकडे गेले, किक मारली, आणि घरापर्यंत एस.टी.च्या पुढे-पुढे, दिवा लावून, गरज नसताना हॉर्न देत चालले. ड्रायव्हर त्यांना शिव्या घालत होता. मी दांडी सोडली नव्हती.