केळझरच्या अलीकडचा चढ

रविवारची सकाळ होती. नाहीदनं दूध मंद आचेवर ठेवलं होतं, मटकी ताटात पसरली होती आणि नळ जायच्या आत दोन बादल्या भरून घ्याव्यात म्हणून ती मोरीत उभी होती. तेवढ्यात दाराची कडी वाजली. चंद्रपूरच्या घुटकाळा मोहल्ल्यातल्या त्या घराची कडी आता क्वचितच वाजायची. दूधवाला सायकलवरूनच हाक मारी, पेपरवाला फेकून जाई, आणि नाहीदकडे मुद्दाम येणारं असं कुणी उरलं नव्हतं.

दारात पासष्टीचा एक उंच, काळासावळा माणूस उभा होता. चपला काढून त्यानं हातातच धरल्या होत्या.

"गार्डसाहेबाचं घर हेच काय?"

अब्बांना जाऊन सात वर्षं झाली होती. या नावानं घर विचारत कुणी आलं त्यालाही तेवढीच वर्षं झाली असतील. नाहीदनं ओल्या हातानं ओढणी सारखी केली आणि नाव विचारलं. सुकलू आत्राम, केळझरच्या बाजूचा, छोट्या लाइनीवरचा चाबीवाला, रुळांच्या चाव्या ठोकत रोज पायी फिरणारा.

ती त्याला दोन महिन्यांपासून शोधत होती. चांदा फोर्ट स्टेशनावरच्या म्हाताऱ्या हमालाला तिनं सांगून ठेवलं होतं, की नॅरोगेजच्या काळात केळझरच्या तुकड्यावर रोज पायी फिरलेला कुणी हयात असेल तर निरोप द्या. निरोप पोचला, पण रेल्वेसारखाच, वाटेत डबे गाळत. सुकलूला एवढंच कळलं होतं, की गार्डसाहेबाच्या पोरीनं बोलावलं आहे. नोकरीच्या कागदात काही गडबड निघाली असावी असं समजून तो पहाटेच्या पॅसेंजरनं सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आला होता, वर दोन फोटोही. तसं काही नाही हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. मग काऊन बोलावलं, हे मात्र त्याला कळेना.

कळणं सोपं नव्हतंच. नाहीद पाटबंधारे खात्यात अनुरेखक होती. मोठ्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि खालची रेष वर जशीच्या तशी उतरवायची, हे बावीस वर्षांचं काम. स्थळं आली, गेली. अम्मी गेल्या, मग अब्बा. धाकटा तौसीफ नागपूरला स्थायिक झाला आणि दोन हजार दोन साली मुलाचा जुना कॉम्प्युटर तिच्याकडे टाकून गेला. त्यात आगगाडी चालवायचा एक खेळ होता. परदेशातल्या लाइनी, बर्फ, बोगदे. नाहीदनं तो चार दिवस खेळला, पाचव्या दिवशी तिला कळलं की यात आपली लाइनही बांधता येते. जमीन आपण उचलायची, रूळ आपण टाकायचे, स्टेशन, झाड, दगड, सगळं आपणच. तिनं चांदा फोर्ट ते नागभीड बांधायला घेतली, मोठी लाइन येण्यापूर्वीची, अब्बा गार्ड होते तेव्हाची.

चार वर्षं झाली होती. जमिनीची उंची तिनं उपग्रहानं आकाशातून घेतलेल्या मोजमापावरून उतरवली होती, सायबर कॅफेतल्या माणसाला चार शनिवार बसवून. नकाशावरच्या उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरच्या, त्या दोन रेषांच्या मधे काय आहे ते नकाशा बोलत नाही. ऑफिसातल्या बायका म्हणत, नाहीदबाई घरी गाडी चालवतात, आपल्याला एकदा फुकट फिरवा म्हणावं. फिरायला कुणी आलं नाही. तौसीफ ईदला आला तेव्हा पाच मिनिटं बसला. यात अपघात होत नाहीत का, असं त्यानं विचारलं, पुढं पळव म्हणाला, आणि फोन आला म्हणून उठला. पळवल्यावर उरतं काय? ती गाडी जंगलातून खऱ्या वेगानं जायची, अर्धा-अर्धा तास काही घडायचं नाही, आणि नाहीद खुर्चीत एकटी बसून ते काही न घडणं पाहायची.

आता लाइन पुरी होत आली होती. अडलं होतं एका जागी. केळझरच्या अलीकडे जंगलात एक चढ होता, तिथे तिची गाडी दर वेळी दम टाकून उभी राही. तो चढ खरोखर एवढा होता का, हे सांगू शकणारी माणसं एकेक करून संपत चालली होती.

सुकलूनं खुर्ची नाकारली. जमिनीवर बसला, मग काही दिसेना म्हणून स्टुलावर आला. गाडी सुरू झाली तेव्हा तो नुसता बघत राहिला. चहा निवला. नाहीदला वाटलं, याला काही ओळखू येत नाही.

"मी गाडीत कवा बसलो, बाई," तो शेवटी म्हणाला. "मले पायी दाखव."

ती चमकली. चार वर्षांत हे तिला सुचलं नव्हतं. तिनं गाडी उभी केली, नजर माणसाच्या उंचीवर खाली आणली आणि रुळाच्या कडेनं चालीच्या वेगानं पुढं नेऊ लागली. म्हातारा एकदम जागा झाला. इथी रुळाखालची मोरी पाहिजे, तू पुढं टाकली. हा मोह उजवीकडचा, डावीकडं टाकला तू. ह्या दगडापासी आमी विडी पेटवो. ती भराभर लिहून घेत होती. मग वाट वर चढू लागली तसा तो थांबला, मान तिरकी केली.

"इथी चढ नाई."

नाहीदनं आकडे काढून दाखवले. अलीकडे दोनशे अकरा, इथे दोनशे तेवीस मीटर.

"कोनं मोजलं?"

आकाशातून मोजलं, असं तिनं सांगितलं. सुकलूनं वर छताकडे पाहिलं, जणू मोजणारा माणूस अजून तिथंच असावा.

"वरून त झाडाचे शेंडे दिसन. जमीन कायची दिसते?"

नाहीद उठली, कपाटातला नकाशा काढला, त्यावर पारदर्शक कागद टाकला आणि आकड्यांवरून चढाची कड उतरवली. जंगलाचा हिरवा रंग सुरू होत होता तिथेच चढ सुरू होत होता, आणि जंगल संपून धानाची शेतं, बांध्या लागत तिथेच उतरत होता. टेकडी नव्हतीच ती. झाडांची उंची होती, सागाची आणि बांबूची. हा एक कागद दुसऱ्यावर ठेवणं हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं, आणि घरी ते तिनं एकदाही केलं नव्हतं.

का केलं नव्हतं, तेही तिला ठाऊक होतं. लहानपणी सुटीत ती अब्बांबरोबर ब्रेकव्हॅनमधून, गार्डाच्या डब्यातून जायची. त्याच जागी गाडीची चाल मंद व्हायची. का हळू झाली, असं विचारलं की अब्बा म्हणत, चढ आहे बेटा, तू झोप. आकाशातल्या आकड्यानं अब्बांच्याच शब्दाला साक्ष दिली, मग कागदावर कशाला पडताळायचं?

तिनं सुकलूला हे सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला, दात नसलेलं हसू.

"पानी उतरवाले हळू होये गाडी. उन्हाळ्यात आमच्या चौकीची विहीर आटे. तुहा बाप चांद्याहून दोन पिपे भरून आने. थांबवाची परवानगी नोती, मनून डायवरले चाल कमी कराले सांगे. आमी संगं धावत धावत घेवो. एकदा मी पिप्यासकट खाली पडलो, त तुहा बाप वरून शिव्या देऊन राह्यला होता."

"मग मला चढ का सांगितला?"

"लेकरू कुठी बोलून देईन, मनून. साहेबाची नोकरी गेली असती न."

नळ केव्हाच गेला होता. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला तेव्हा ती उठली, गॅस बंद केला आणि पातेलं तसंच ठेवून परत आली. सुकलू अजून पडद्याकडे पाहत होता. बारा मीटर जमीन खाली आणायची म्हणजे त्यावरचं एकेक झाड काढून पुन्हा लावायचं होतं. हजारो झाडं होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटत होतं ते एवढंच, की पावणेबाराची गाडी पकडायला हा आता उठेल.

तो उठलाच. पिशवी काखोटीला मारली, कागद आत आहेत का ते चाचपलं. नाहीद दारापर्यंत गेली. सोनीबाईला, त्याच्या बायकोला, देण्यासाठी तिनं बिस्किटांचा पुडा हातात दिला. पुडा घेताना तो म्हणाला, काही अडलं त निरोप धाड.

"अडणार नाही आता, भाऊ. चढ मी काढते, दोन-तीन महिने लागतील. मग एकदा या. चांदा फोर्टाहून मूल स्टेशनापर्यंत पावणेदोन तास लागतात. माझ्याजवळ बसा. बोलायची गरज नाही. फक्त मूल येईपर्यंत उठू नका."