‘सादर प्रणाम’ लिहिणारा कोण?

मेलच्या वर कोणी ‘सादर प्रणाम’ लिहिलं की मी आधी पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो. आमच्या गावच्या शुक्रवार पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान चालवताना एवढं तरी शिकलो. खरं गिऱ्हाईक ‘हॅलो, रेट पाठवा’ म्हणून मोकळं होतं. फसवणारा आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतो. शेजारच्या दुकानदाराला असाच एक ‘आदरणीय महोदय’वाला भेटला, आणि चादरींचे गठ्ठे घेऊन गेला तो गेलाच.

गेल्या डिसेंबरात दुकानात बसलो असताना मेल आला. ‘परमपूज्य वडिलांच्या चरणी सादर प्रणाम. आपण कुशल असाल अशी आशा बाळगतो. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी यावं असं वाटतं. येऊ का?’ खाली माझ्या मुलाचं नाव. पत्ता मात्र अनोळखी.

म्हटलं, आला भामटा!

दुकान सांभाळणार नाही म्हणून भांडून मुलगा पुण्याला गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तो आईला फोन करायचा, पण त्याचं नाव माझ्यापुढं काढायचं नाही अशी मी तिला तंबी दिलेली. आणि चरणी प्रणाम? त्या पोरानं जन्मात मला वाकून नमस्कार केला असेल तर शपथ! त्याचा मेल म्हणजे ‘अप्पा, बिल जोडलंय.’ बास. शिवाय स्वतःच्या घरी यायला ‘येऊ का’ कोण विचारतं?

घरी बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला, आणि डोळ्यांत पाणी.

‘त्योच हाय की वो. फोन लावून विचारा.’

‘मी का लावू?’

‘मग मी लावते.’

‘खबरदार!’

आता मला तिचाच संशय यायला लागला. ही बाई दोन वर्षं गप्प बसली, हेच मुळात पटण्यासारखं नव्हतं. स्वतःच्या भाचीला हाताशी धरून हिनंच लिहून घेतला नसेल कशावरून?

‘तुमाला देव जरी भेटला तरी आधार कार्ड मागशिला,’ ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. लाडाचं नाव विचारावं तर ते भाचीला माहीत. घरच्या कन्नडात विचारावं तर हल्ली मोबाइललाही कन्नड येतं. फक्त बापलेकाला ठाऊक असेल असं काहीतरी हवं होतं. तो निघाला तेव्हा बायको खाली रिक्षात त्याची पिशवी ठेवत होती, वर आम्ही दोघंच होतो. झालं! नमस्कार-बिमस्कार न घालता मी उत्तर धाडलं, ‘निघताना मी तुला काय म्हणालो होतो?’

मेख अशी की मी त्या दिवशी काहीच म्हणालो नव्हतो. भामटा असेल तर ‘सुखी राहा म्हणालात’ असलं काहीतरी ठोकून देणार आणि अलगद सापडणार. बायकोही तेच लिहिणार. स्वतःच्या हुशारीवर मी लई खूश झालो. जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली.

सकाळी दुकान उघडून अगरबत्ती लावली आणि मोबाइल बघितला. उत्तर आलं होतं.

‘काही नाही म्हणालात. चपला घालून मी उंबऱ्यात उभा होतो. वाटलं, निदान पोचल्यावर कळव म्हणाल. तुम्ही पेपरातून मान वर केली नाहीत. म्हणून विचारलं, येऊ का. अप्पा, हा पत्ता नवीन काढलाय. सुरुवात कशी करायची सुचेना, म्हणून कालचं मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतलं होतं.’

शटर ओढलं आणि घरी गेलो.

‘इतक्यात आलासा? कळलं का कोण हाय ते?’

‘तोच आहे.’

‘कशावरनं?’

आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. तरी सांगितलं तिला सगळं, त्या पेपरासकट. तिनं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

‘हां अव्वा, बोल की,’ पलीकडून आवाज आला.

‘मी बोलतोय,’ मी म्हणालो.

 तो एकदम ओरडला, ‘अप्पा? काय झालं? अव्वाला काय झालं?’

‘काही नाही रे, बरी आहे ती. इथंच उभी आहे,’ मी म्हणालो. ‘तू ये.’